कवडशातून सूर्याची घनता

कौलारू शाळेत फटीतून जमिनीवर उतरणारा कवडसा गोल का असतो, हे विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणात जरूर विचारावे. फट वेडीवाकडी, कवडसा मात्र गोलच. प्रकाश सरळ रेषेत जातो हे सगळ्यांना पाठ असते. पण तो गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा, हे चटकन कुणी म्हणत नाही. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात महाराष्ट्रातल्या कवडशांच्या कोरी झाल्या होत्या, त्या याचमुळे.

आता पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडायचे, दोन मीटरवर सावलीत पांढरा कागद धरायचा (भोकातून सूर्याकडे पाहायचे नाही) आणि प्रतिमा मोजायची. ती भरते साधारण १८.६ मिलिमीटर. म्हणजे सूर्य त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट दूर आहे. किती किलोमीटर, ते ठाऊक नाही, आणि गंमत अशी की त्याची गरजही पडत नाही. दहावीच्या पहिल्याच पाठात गुरुत्वाकर्षण आणि केप्लरचे नियम आहेत. पृथ्वीची कक्षा वर्तुळ मानली, तर त्यावरून सूर्याचे वस्तुमान अंतराच्या घनाच्या प्रमाणात येते. आकारमानही अंतराच्या घनाच्याच प्रमाणात. भागाकार करताना अंतर कटते. उरते ते एवढेच: २४ पाय गुणिले १०७ चा घन, भागिले गुरुत्व स्थिरांक गुणिले वर्षातल्या सेकंदांचा वर्ग. वर्षाचे सेकंद सुमारे ३ कोटी १६ लाख. उत्तर येते घनमीटरला जवळपास १४०० किलो, पाण्याच्या १.४ पट. पृथ्वीची घनता ५.५ पट आहे.

उत्तरापेक्षा भांडण महत्त्वाचे. प्रतिमेची कड धूसर असते, शिवाय भोकाचा व्यास तिच्यात मिसळतो. कुणी २० मिलिमीटर मोजले की घनता एकदम पाचव्या हिश्श्याने उतरते, कारण चूकही घनात जाते. त्रुटींचा हा हिशेब रसायन किंवा जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या शिक्षकालाही जमतो. मात्र वही-पेन त्याच्याच हातात हवे. कृष्णविवरांची रंगीत चित्रे दाखवून उरकलेली प्रशिक्षणे मला म्हणूनच फुकट वाटतात.

माहितीने समज येतेच असे नाही. हार्वर्डच्या पदवीदान समारंभात चित्रित झालेल्या १९८७ च्या 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' या माहितीपटात बहुतेकांनी उन्हाळ्याचे कारण पृथ्वीचे सूर्याजवळ येणे असे सांगितले. खरे तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत अंतर १५.२ कोटी होते. जानेवारीत पुण्यात स्वेटर निघतात, एवढे आठवले तरी ते उत्तर डळमळते.

१.४ हा आकडा फळ्यावर आला की पुढचा प्रश्न आपसूक येतो: सूर्य वायूचा, मग पाण्याहून जड कसा? तिथून दाबाकडे जाता येते. वरच्या थरांचे वजन पेलायचे तर आतला वायू दाबलेला आणि तापलेला हवा. केंद्राशी घनता पाण्याच्या सुमारे १५० पट, तापमान दीड कोटी अंशांच्या घरात. आठवीच्या पुस्तकात अगदी शेवटी असलेला, म्हणून परीक्षेच्या घाईत नुसता वाचून दाखवला जाणारा 'ताऱ्यांची जीवनयात्रा' हा पाठ याच तोलावर उभा आहे.