थर्माकोलकडे कुणी पाहिलंच नाही

१ ऑगस्ट २०२५ पासून भोपाळ-इंदूरच्या पंपांवर हेल्मेटशिवाय पेट्रोल बंद झालं आणि लगोलग उसनं हेल्मेट घालून टाक्या भरणं सुरू झालं. बालाघाटात ही बातमी वाचताना मला सर्वांत जास्त टोचलं ते हे, की या हातातून त्या हातात जाणाऱ्या त्या हेल्मेटच्या आत काय उरलंय, हे कुणी विचारलं नाही.

घालायचं की नाही, एवढ्याच वादात आपली वर्षं गेली. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १२९, पुण्यातला २०१९चा सक्तीविरोधी मोर्चा, सगळं त्यातलंच. त्यावर अधिक लिहावंसं वाटत नाही.

मला आठवतं ते २००० नंतरचं दशक. स्प्लेंडरमागून पल्सर आली, वारासिवनी-गोंदियाचे रस्ते मोटरसायकलींनी भरले. आधीची फायबरची हेल्मेटं जड होती, पण मार लपवत नसत. रंग तडकायचा, खाली पांढऱ्या रेषा उमटायच्या. घरातलं कुणीही म्हणायचं, हे गेलं. मग स्वस्त प्लास्टिक आलं. ते दबतं आणि पुन्हा जागेवर येतं. आतलं थर्माकोल येत नाही. चिरडून धक्का पचवणं हेच त्याचं काम, आणि ते एकदाच होतं. बाहेर नुसता ओरखडा दिसतो. दुसरा धक्का सोसायला त्या जागी काही शिल्लक नसतं.

अशी हेल्मेटं थोरल्याकडून धाकट्याकडे गेली, जुन्या गाडीसोबत फुकट दिली गेली. ओरखड्यांवर रंग मारून तीच पुन्हा रस्त्याकडेला मांडणारे मी पाहिलेत, आणि आयएसआयचा नुसता स्टिकर पाहून सोडून देणारे शिपाईही. बिनमार्क हेल्मेट विकायला बंदी आली ती थेट १ जून २०२१ ला. तोवर ज्यांची डोकी फुटली, त्यांचा हिशेब कुणी द्यायचा?

गोंदियाला एक वयस्क दुकानदार होते. जुनं हेल्मेट आणलं की अस्तर उपसून थर्माकोल तिरप्या उजेडात धरायचे. खळगा, भेग, चकाकणारा डाग शोधायचे, बोट फिरवून डावी-उजवी बाजू ताडून पाहायचे, तळव्यांत दाबून करकर ऐकायचे. गाडीच्या आरशाला टांगून पडलेला खड्डा ते ओळखत. सीटवरून रिकामं पडलेलं बहुधा परत देत, कारण आत डोक्याचं वजन नसेल तर थर्माकोल फारसं दबत नाही. डोक्यासकट आपटलेलं मात्र, काहीही न दिसलं तरी, ‘टाकून द्या’ म्हणत. थर्माकोल पुष्कळदा कवचाच्या बाजूनं दबतं. तिथे बोट पोचत नाही, सीटी स्कॅनशिवाय ते दिसत नाही.

ते दुकान आता नाही. हेल्मेट खोक्यातून घरी येतं. अपघातानंतर विम्याचा माणूस हेडलाइट पाहतो, शॉकअप पाहतो, टाकीच्या पोचाचा फोटो काढतो. ‘हेल्मेट दाखवा’ म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.