कपातली किक, रिपोर्टमधला शॉक!

सकाळचे साडेनऊ. लॉग-इन झालं, बॅग खुर्चीला अडकवली आणि पाय आपोआप पॅन्ट्रीकडे वळले. मशीन घरघरतं, कागदी कपात फेस जमतो आणि मगच दिवस सुरू होतो. अकराच्या मीटिंगआधी दुसरा कप, डबा खाल्ल्यावर तिसरा, चारच्या डुलकीवर उतारा म्हणून चौथा... ओळखीचं वाटतंय ना?

हिंजवडीत काम करणारी माझी एक मैत्रीण अगदी याच टाइमटेबलवर जगायची. जिना चढताना धाप, केसगळती, दिवसभर मरगळ. आणि मरगळ आली की पुन्हा कॉफी! ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये तिचं हिमोग्लोबिन निघालं 9. ही चाटच पडली. डब्यात पालेभाजी, उसळ, वर गूळ-शेंगदाणे, सगळं तर असायचं. डॉक्टरांनी विचारलं, ‘आणि डब्यानंतर काय घेता?’

खरी गोची इथेच आहे. कॉफीतली पॉलिफेनॉल्स जेवणातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शरीरात नीट शोषलं जात नाही. पालेभाज्या-डाळींतल्या लोहाला हा फटका जास्त. (चहावाल्यांनी हसू नये, तिथेही हेच!) म्हणूनच आयसीएमआरने 2024च्या आहारविषयक सूचनांमध्ये जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के महिलांना ॲनिमिया होता. सगळं खापर कॉफीवर फोडता येणार नाही, पण मुलींनो, जेवणानंतरचा तो कप जरा लांबवाच.

आता चारच्या कपाबद्दल. मेंदूत ॲडेनोसिन साठत गेलं की झोप येते. कॅफिन त्याची जागा अडवतं. म्हणजे थकवा जात नाही, फक्त कळत नाही! शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना याहून बराच जास्त वेळ. 2013च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी 400 मिलिग्रॅम कॅफिन दिल्यावर लोकांची झोप तासाभराहून जास्त घटली. रात्री दोनपर्यंत छताकडे बघत बसायचं आणि सकाळी त्यावर इलाज म्हणून पुन्हा कॉफी. मस्त बिझनेस मॉडेल आहे!

मग किती प्यायची? आयसीएमआरच्या मते दिवसाला 300 मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत. 150 मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 मिलिग्रॅम असतं, ब्रू केलेल्या कॉफीत 80 ते 120. कॅफेतला मोठा मग म्हणजे एक कप नव्हे, हे हिशेबात धरा. ज्यांना धडधड, ॲसिडिटी किंवा हात थरथरण्याचा त्रास आहे, त्यांची मर्यादा याहून कमीच. गरोदरपणात डॉक्टरांना विचारूनच.

घाबरू नका, गुड न्यूजही आहे. 1991मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या संशयितांमध्ये टाकलेल्या कॉफीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016मध्ये त्या यादीतून काढलं. (65 अंशांहून गरम पेयांबद्दल मात्र इशारा दिला, तेव्हा फुंकर मारून प्या.) बेताने कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाइप 2 डायबेटिस आणि लिव्हरचे आजार कमी दिसतात, असं अनेक पाहण्या सांगतात. अर्थात हे आइस्क्रीम घातलेल्या कोल्ड कॉफीबद्दल नाही बरं का!

आणि हो, एकदम सोडायला जाऊ नका. दुसऱ्याच दिवशी डोकं असं ठणकतं की विचारू नका. रोज थोडी थोडी कमी करा.

मैत्रिणीला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही कॉफीपासून लांब. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11वर आलंय, 12 अजून गाठायचंय. कॉफी काही सुटलेली नाही. आता ती साडेअकराला पिते आणि डब्यासोबत लिंबू नेते.