जुनी बातमी पुन्हा फिरवताय? आधी तिचं साल सांगा

समजा, सकाळी सकाळी ग्रुपवर मेसेज आला : 'हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक, एसटी बंद.' सोबत व्हिडिओपण. निपाणीहून कोल्हापूरला कॉलेजला जाणारी मुलं स्टँडवरच थांबतील. एमएच-०९ ची गाडी घेऊन बेळगावला लग्नाला निघालेले पाहुणे अर्ध्या वाटेतून फिरतील. बातमी खोटी नाही, पण ती डिसेंबर २०२२ ची आहे. साल गळालं की खरी बातमीसुद्धा अफवेचं काम करते.

मग जुना विषय काढायचाच नाही काय?

काढायचा की! सीमाप्रश्न संपलेला नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दाखल केलेला दावा अजून निकाली निघालेला नाही. दरवर्षी १७ जानेवारीला आपण १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांची आठवण काढतो. तिथं साल आधी सांगितलं जातं, त्यामुळं कुणाची फसगत होत नाही. जुनं ते जुनं म्हणून सांगायचं, एवढाच शिष्टाचार आहे.

जतच्या ठरावाचं काय झालं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या सुमारे ४० गावांनी कर्नाटकात जाण्याचा ठराव केल्याचा दाखला दिला. त्यावर देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं, की पाणीटंचाईमुळं झालेला हा ठराव २०१२ चा आहे, नवा ठराव कुणी केलेला नाही. ठराव दहा वर्षांपूर्वीचा, पण चर्चा मात्र कालच झाल्यासारखी. पुढच्या दोन आठवड्यांत तणाव वाढत गेला, ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीत दगडफेक झाली आणि एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवलं. कोर्टाचा निकाल येईपर्यंत कुणी कुणाच्या भागावर दावा करायचा नाही, असं तिथं ठरलं. नेत्यांच्या नावानं काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी आग वाढवली, हेही त्या बैठकीनंतर सांगण्यात आलं.

ठराव एकाच ठिकाणचा, कारण पाण्याचं. पण त्याची झळ बसली ती या वादात नसलेल्या प्रवाशांना.

जुना विषय काढताना एवढं पाळा

पहिल्या ओळीत साल लिहा. व्हॉट्सॲपवर दिसणारी वेळ ही मेसेज आपल्याकडं आला तेव्हाची असते, घटनेची नाही. दोन बाणांची खूण मेसेज बऱ्याच हातांतून आल्याचं सांगते, तारीख सांगत नाही. तेव्हा मजकुरातच शोधा. 'मुख्यमंत्री बोम्मई' असं असेल तर बातमी जुलै २०२१ ते मे २०२३ मधली आहे. सरकारी फलकावर 'बेळगावी' नसून जुनं नाव असेल, तर फोटो बहुधा नोव्हेंबर २०१४ च्या आधीचा.

आज का काढतोय, ते सांगा. कोर्टात तारीख आहे, नवा आदेश निघालाय, की नुसती आठवण आहे? सांगण्यासारखं नवीन काही नसेल आणि वातावरण तापलेलं असेल, तर चार दिवस थांबलेलं बरं.

अर्धं सांगू नका. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. वाद निघाला की एक जण म्हणतो, 'आयोगानं बेळगाव कर्नाटकाला दिलंय.' दुसरा म्हणतो, 'निपाणी, खानापूर महाराष्ट्राला दिलंय.' दोघंही खरं बोलतात, पण अर्धं. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला, बेळगाव कर्नाटकातच आणि अक्कलकोटसारखा भागही कर्नाटकाला, अशा त्या शिफारशी होत्या. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटक तोच अंतिम मानतं. एवढं सगळं सांगून मग आपलं मत मांडा.

योजनेची जुनी सूचना तपासून पाठवा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. अशा योजनांची कागदपत्रं, मुदत बदलत असते. मुदत संपलेली सूचना वाचून एखादा आजारी माणूस पदरचं भाडं घालून कोल्हापूर गाठतो आणि हात हलवत परत येतो. उलट, कुणी आधीच विचारलेला प्रश्न असेल तर तोच पुन्हा वर काढा, जुनी उत्तरं सगळ्यांना दिसतात. आणि आपलं काम झालं की कसं झालं, तेही तिथंच लिहा. पुढच्याची चक्कर वाचते.

चुकलेल्याला झोडपू नका. जुनी बातमी पाठवणारा बहुतेक वेळा काळजीपोटीच पाठवतो. 'काका, हे २०२२ चं आहे, आज गाड्या सुरू आहेत' एवढं पुरेसं आहे. पण त्याआधी डेपोत फोन करून खात्री करा. नाहीतर दुसरी अफवा आपल्याकडूनच सुटायची.

सत्तर वर्षं चाललेला हा प्रश्न आपल्याला पुढच्या पिढीला सांगायचाच आहे. तो तारखेसकट सांगितला, तर कोर्टातही टिकतो आणि कट्ट्यावरही.