वाढत्या कंपनीतली आमची वर्षं

१ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. त्याच वर्षी २ जुलैला पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली. नारायण मूर्ती, त्यांचे सहा सहकारी आणि सुधा मूर्तींनी साठवणीतून काढून दिलेले दहा हजार रुपये, एवढाच तिचा पसारा होता. आमच्या गावाला, जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थला, तिची खबर असण्याचं कारणच नव्हतं. पण पंचवीस वर्षांच्या आत जालन्याच्या खेड्यापाड्यांतली पोरं हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत गळ्यात आयकार्ड अडकवून बसू लागली. त्या पिढीतला मी एक.

हे आपोआप घडलं नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी कापसाच्या आणि मोसंबीच्या पैशावर, कुणी एखादा एकर विकून, पोरांच्या फिया भरल्या. तिकडे एमआयडीसीने हिंजवडीत आयटी पार्क उभारलं. इन्फोसिसमध्ये २००० साली जेमतेम साडेपाच हजार माणसं होती. मार्च २००९ मध्ये ती १,०४,८५० झाली. टीसीएस, विप्रो, कॉग्निझंटही अशाच फुगत होत्या. एवढी माणसं फक्त मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतून मिळणार नव्हती. म्हणून कंपन्या आमच्यापर्यंत आल्या. दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे साठ टक्के आणि एकही विषय राहिलेला नाही, एवढी अट पुरी केली की मेकॅनिकल, सिव्हिल, कुणीही त्यांच्या भरतीच्या परीक्षेला बसायचा.

समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून जांबला रामनवमीचा उत्सव मोठा. बाहेर गेलेले बरेच जण तेव्हा गावी येतात. कंपन्यांचं अप्रेझलही नेमकं त्याच सुमारास असतं. मंदिराच्या आवारात भेटलेली माणसं त्या-त्या वर्षी आम्हाला काय विचारत, ते आठवलं तरी या धंद्याचा इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो.

सुरुवातीचा प्रश्न एकच असे: पॅकेज किती? तीन लाखांच्या आसपासचा आकडा ऐकून माणसं गप्प व्हायची, कारण तेवढी रक्कम एका हंगामात हातात आलेली फार थोड्यांनी पाहिली होती. रकमेपेक्षाही मोठी गोष्ट होती ती तारखेची. आमच्या घरांत पैसा पावसावर, भावावर आणि साखर कारखान्याच्या बिलावर येई. आता महिनाअखेरीला मोबाइलवर मेसेज वाजायचा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या पगारातून टँकरचं पाणी आलं. बागा सगळ्या वाचल्या नाहीत. पण सावकाराच्या दारात जाणं टळलं. आयटीतल्या नोकरीला नावं ठेवणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

कंपनीने आणखीही बरंच दिलं. इंग्रजीत अडखळणाऱ्या पोराला परदेशी क्लायंटसमोर बोलायला लावलं. तमिळ, बंगाली, पंजाबी पोरांच्या शेजारी बसवलं. जात, गाव, वडिलांचा हुद्दा न विचारता काम दिलं. आमच्या भागातल्या मुलींच्या बाबतीत तर हा बदल लग्नाच्या बैठकीपर्यंत पोचला. मुलगी पुण्यात कंपनीत आहे, हे सांगताना बापाचा आवाज बदलायचा.

पहिला धक्का बसला तो ७ जानेवारी २००९ ला. सत्यमच्या संस्थापकांनी हिशेबातला घोटाळा स्वतःच पत्र लिहून कबूल केला. एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने ती कंपनी घेतली आणि पुढे हजारो जणांना काम नसलेल्या यादीत टाकून मूळ पगारावर घरी बसवलं. त्या वर्षीच्या रामनवमीलाच प्रश्न बदलला होता: तुझी कंपनी बरी आहे ना? पण तेव्हाची जागतिक मंदी ओसरली, वाढ परत सुरू झाली आणि प्रश्नही पुन्हा सुखाचे झाले. ऑनसाइट कधी? फ्लॅट घेतला का? वाकडला की बाणेरला?

वाढीच्या त्या वर्षांत कंपनीची रचना आम्हाला दिसत होती, तिचा अर्थ मात्र फार थोड्यांनी लावला. ही रचना पिरॅमिडची. तळाला स्वस्तातले हजारो फ्रेशर, मध्ये लीड, वर मोजके मॅनेजर. क्लायंटला बिल लागतं माणशी तासाचं, म्हणून नफा तळाच्या रुंदीवर चालतो. दरवर्षी तळ रुंदावत राहिला, तर कालच्या फ्रेशरला आज हाताखाली आठ-दहा माणसं मिळतात आणि तो लीड होतो. आम्ही बढत्या मिळवल्या त्या कष्टाने, हे खरंच. पण जागा निर्माण होत होत्या त्या तळ रुंदावत होता म्हणून. वर चढायचं तर कोड लिहिणं सोडावं लागे. तिशीच्या आसपास आमच्यातले बहुतेक जण एक्सेल, स्टेटस कॉल आणि एस्कलेशन यांतच गुंतले. ज्या विद्येवर नोकरी मिळाली होती, ती हातातून सुटत गेली आणि त्याबद्दल शाबासकी मिळत राहिली.

तळाशी मात्र वेगळंच चाललं होतं. २००८ च्या सुमारास फ्रेशरला तीन-सव्वातीन लाख मिळत. २०२३ मध्येही मोठ्या कंपन्यांत हा आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच होता. पंधरा वर्षांत पुण्यातलं खोलीभाडं कुठल्या कुठे गेलं. म्हणजे कंपनी वाढली, शेअर वाढला, इमारती वाढल्या; नवा येणारा पोरगा मात्र आमच्यापेक्षा गरीब होऊन आत शिरत होता.

२०२० च्या मार्चमध्ये आम्ही लॅपटॉप घेऊन गावी परतलो. दिवसा सिंगल फेजची वीज, गच्चीच्या एका कोपऱ्यात धरणारं नेटवर्क, शेजारी वाळत घातलेली तूर आणि कानात ह्यूस्टनचा क्लायंट. आपलं पोरगं दिवसाचे किती तास बोलतं, रात्री किती वाजता जेवतं, हे आईवडिलांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पॅकेज विचारणारी माणसं त्यानंतर तब्येत विचारू लागली.

पुढची दोन वर्षं भरतीची लाट होती आणि मग ओहोटी लागली. मार्च २०२३ मध्ये इन्फोसिसमध्ये ३,४३,२३४ माणसं होती. वर्षभरात ती जवळपास २६ हजारांनी कमी झाली. २०२२ मध्ये ऑफर लेटर मिळालेल्या अनेकांना रुजू व्हायला दोन वर्षं थांबावं लागलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्यातल्या तीनशेहून अधिक जणांना म्हैसूरच्या प्रशिक्षण केंद्रातून परत पाठवण्यात आलं, अंतर्गत परीक्षा तीन वेळा नापास झाले म्हणून. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचं जाहीर केलं. त्यात बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतले. पिरॅमिडचा तळ रुंदावायचा थांबला की जड होतो तो मधला भाग. आमची पिढी नेमकी तिथे बसली आहे.

हे काढणं कसं असतं, ते मी शेजारच्या टेबलावर पाहिलं आहे. सतरा वर्षं काम केलेला सहकारी, मराठवाड्यातलाच. सकाळी अकराला एचआरचं बोलावणं आलं. छोट्या खोलीत दोघं जण, समोर पाण्याची बाटली. स्वतःहून राजीनामा द्या, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. दुपारी लॅपटॉप जमा, संध्याकाळी आयकार्ड बंद. कागदावर त्याला कुणी काढलंच नव्हतं. काढलं असतं तर नुकसानभरपाईचा, कामगार आयुक्तांकडे जाण्याचा प्रश्न आला असता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत अभियंता बसत नाही, असं कंपन्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या. आणि स्वतःला साहेब समजणाऱ्या आम्हीही त्यावर कधी आवाज केला नाही.

एवढ्या वर्षांनंतर माझं मत पक्कं झालं आहे. या कंपन्यांनी आमच्या घरांचं भलं केलं, आणि त्याची जाण मला आहे. पण त्यांनी आम्हाला नोकरीची हमी कधीच दिली नव्हती. दिला होता तो वाढीतला वाटा, तोही वाढ असेपर्यंत. म्हणून जांबमधून आणि आमच्या घनसावंगी तालुक्यातून आज निघणाऱ्या पोरापोरींना माझं सांगणं आहे: कंपनीचं नाव मोठं म्हणून हुरळू नका, हातातली विद्या मोठी ठेवा. मॅनेजर झालात तरी कोड सोडू नका. पहिलं घरकर्ज नवराबायकोच्या दोन्ही पगारांच्या भरवशावर उचलू नका. राजीनाम्यावर सही मागितली तर त्या खोलीत सही करू नका. कागद घरी आणा, जाणकाराला दाखवा, कामगार कार्यालयाची पायरी चढा. आणि कंपन्यांकडे मागणं एकच: माणसं घेताना जशी मांडव घालून घेतलीत, तशी सोडतानाही उघड, लेखी आणि हक्काचे पैसे देऊन सोडा. आमच्या आईबापांनी जमिनी विकून तुमचा तळ रुंद केला आहे.