क्वॉड बाईकची सफर : आधी वाटाड्या पाहावा, मग वाहन

आपल्या घरांतील सुटीचा आराखडा आजवर ठरलेला असे. दिवाळीचा हंगाम आटोपला, चोपडीपूजन झाले, की कुंथलगिरी, पालिताणा, आबू किंवा सम्मेदशिखरजी. आणि मुलांच्या परीक्षा संपल्या की मामाचे गाव. जेऊरकरांना तसे प्रवासाचे अप्रूप नाही. करमाळ्याला रेल्वे नसल्यामुळे तालुक्यातील कितीतरी माणसे आमच्याच फलाटावर उतरतात आणि येथूनच पुण्या-मुंबईकडे किंवा सोलापूरकडे जातात. परंतु अलीकडे सुटीची यादी मुलेच करू लागली आहेत. तीत देवदर्शन नसते असे नाही. पण त्याच्या खालोखाल ‘एटीव्ही राईड’ हे शब्द हमखास असतात. लोणावळ्याचे डोंगर असोत, अलिबागजवळचा नागावचा किनारा असो, गोवा असो वा राजस्थानातील वाळूच्या टेकड्या, जेथे जावे तेथे चार फुगीर टायरांची, मोटारसायकलसारखे हँडल असलेली ती गाडी उभी असते आणि मुले वडिलांचा हात ओढू लागतात.

ही गाडी सहलीसाठी जन्मलेली नाही. व्यापारी वाचकांना तिची जन्मकथा गमतीची वाटेल. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात होंडा कंपनीच्या अमेरिकेतील विक्रेत्यांपुढे एक जुनाच प्रश्न होता : हिवाळा लागला की मोटारसायकलींचा खप बसतो, मग त्या महिन्यांत दुकानात मांडायचे काय? या प्रश्नाच्या उत्तरादाखल जपानमधील अभियंत्यांनी फुग्यासारख्या मऊ टायरांची एक तीनचाकी तयार केली आणि १९७० मध्ये ती बाजारात आली. मंदीच्या महिन्यांत गल्ला चालू राहावा म्हणून काढलेला हा माल! बर्फावर, चिखलात, वाळूत ती सहज चाले; म्हणून शिकारी, शेतकरी, हौशी मंडळी सर्वांनी ती उचलली. १९८० च्या दशकाच्या आरंभी सुझुकीने चार चाकांची आवृत्ती आणली, तीच आजची क्वॉड बाईक. तीनचाकी मात्र इतक्या उलटल्या की १९८८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांना न्यायालयीन तडजोडीने त्यांची विक्री थांबवावी लागली.

चौथे चाक आले म्हणून प्रश्न मिटला, असे झाले नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील शेतकरी मेंढ्यांच्या कळपामागे याच गाडीने फिरतात आणि गाडी अंगावर उलटून तेथे माणसे दगावली आहेत. ऑस्ट्रेलियाने तर २०२१ पासून शेतीकामाच्या नव्या क्वॉड बाईकला, ती उलटली तरी चालक खाली चिरडला जाऊ नये अशी संरक्षक चौकट बंधनकारक केली. ज्यांचे रोजचे काम या गाडीवर चालते, त्यांच्या देशात ही स्थिती. मग तासाभरासाठी बसणाऱ्या पाहुण्याने किती सावध असावे?

चार चाके म्हणजे स्थैर्य, हा आपला पहिला समज येथे दगा देतो. बहुतेक क्वॉड बाईकची मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर जखडलेली असतात. मोटारीत वळणावर आतले चाक हळू व बाहेरचे जलद फिरू शकते. येथे तशी सोय नसते. म्हणून वळताना चालकाने अंग वळणाच्या आतल्या बाजूस झुकवायचे आणि भार मात्र बाहेरच्या पायटेकणावर द्यायचा असतो. चढावर पुढे वाकायचे, उतारावर मागे रेलायचे. थोडक्यात, चालकाचे शरीर हा या यंत्राचाच एक भाग आहे. आसन लांब दिसते ते दुसऱ्याला बसवण्यासाठी नव्हे, तर चालकाला पुढेमागे सरकता यावे म्हणून. हे एक वाक्य ज्याला कळले, तो आपल्या लेकराला मागे बसवून फोटो काढणार नाही. दोघांसाठी मुद्दाम बनवलेल्या गाड्या असतात, पण त्यांना मागे स्वतंत्र बैठक, हातधरणी आणि पायटेकणे असतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आपण सारे दुचाकीवर वाढलेले. गाडी कलली की पाय जमिनीला टेकवायचा, ही सवय हाडात मुरलेली असते. क्वॉड बाईकवर हाच पाय खाली गेला की मागचे चाक त्यावरून जाते. शिवाय वेग वाढवण्यासाठी मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने एक खटका दाबायचा असतो. घाबरलेले मूल हँडल घट्ट आवळते आणि त्या भरात अंगठाही दाबला जातो. गाडी थांबावी असे वाटते त्याच क्षणी ती उसळते.

आमच्या कुटुंबाने गेल्या मार्गशीर्षात लोणावळ्याच्या परिसरात, एका खासगी डोंगराळ जागेवर, वाटाड्यासह ही सफर केली. आम्ही नऊ जण होतो. सत्तरी ओलांडलेले सासरे, म्हणजे नाना. दीर-जाऊबाई, कॉलेजात जाणारी पुतणी, माझा तेरा वर्षांचा मुलगा आणि इतर. वाटाड्या मावळातील एक तिशीचा तरुण होता. पैसे भरल्यावर लगेच गाडीची किल्ली मिळेल अशी आमची अपेक्षा. त्याने आधी अर्धा तास सपाट मैदानावर घालवला. प्रत्येकाच्या हेल्मेटचा पट्टा बांधून हनुवटीखाली दोन बोटे घालून पाहिली. पुतणीची ओढणी काढून पिशवीत ठेवायला लावली, बूट नसलेल्यांना बूट दिले. जाऊबाई साडीत होत्या, “वहिनी, पदर चाकात जातो. कपडे बदलून आलात तर गाडी देतो, नाहीतर नानांबरोबर वर मचाणावर बसा,” असे त्याने सांगितले, आणि त्या मचाणावर बसल्या. मग प्रत्येकाकडून मैदानात इंग्रजी आठाच्या आकड्याचे फेरे मारून घेतले. ते फेरे म्हणजे केवळ सराव नव्हता, हे मागाहून उमगले. कोण बिचकतो, कोण उगाच जोर करतो, हे तो टिपत होता. रांग लावताना सर्वांत बिचकणारी व्यक्ती, म्हणजे मी, त्याच्या लगेच मागे; जोर करणारे दीर शेवटून दुसरे, आणि त्यांच्यामागे त्याचा मदतनीस. अंगठ्याच्या खटक्याजवळ एक लहानसा स्क्रू असतो. तो फिरवून त्याने प्रत्येक गाडीचा वेग माणूस पाहून आवळला.

खरा वांधा आला तो मुलाच्या बाबतीत. त्याला मोठी गाडीच हवी होती. वाटाड्याने साफ नकार दिला. दिरांनी आधी समजावले, मग दुप्पट पैसे देऊ केले. “अहो, शेतावर ट्रॅक्टर चालवतो हा,” ते म्हणाले. तो तरुण शांतपणे म्हणाला, “काका, तुमचा पुतण्या किती वजनाचा आहे याने ट्रॅक्टरला फरक पडत नाही. हिला पडतो.”

दीर नाराज झाले, मुलगा रुसला. सहल तेथेच विरजणार असे वाटले. पण नाना, ज्यांचे पन्नास वर्षांचे आयुष्य आडतीच्या काट्यापाशी गेले, त्या माणसाकडे निरखून पाहत होते. ते दिरांना म्हणाले, “पैसे दिसत असताना गिऱ्हाईकाला नाही म्हणतोय. याच्याकडचा माल खरा असणार.” मुलासाठी एक लहान इंजिनाची गाडी आणली गेली, तीही जुन्या टायरांनी आखलेल्या गोल रिंगणात. तिसऱ्या फेरीला वळणावर गाडी किंचित कलली आणि त्याचा डावा पाय झटकन खाली आला. रिंगणात उभ्या असलेल्या माणसाने शिट्टी फुंकून इंजिन बंद केले, पाय वर घ्यायला लावला आणि पुन्हा सुरू केले. वेग माणसाच्या चालीएवढा होता, म्हणून ते शिट्टीवर भागले. दिरांनी हे पाहिले आणि पुढे त्या विषयावर ते काही बोलले नाहीत.

या नकारामागे त्या तरुणाची लहर नव्हती. अमेरिकेत मोठ्यांसाठी बनवलेली गाडी सोळा वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे उत्पादकच सांगतात. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर सोळा वर्षांपर्यंत कोणतीच एटीव्ही नको या मताची आहे. मोठी गाडी दोनशे-तीनशे किलोची असते. चाळीस किलोच्या मुलाने कितीही अंग झुकवले तरी तिचा तोल त्याच्या हाती येत नाही.

सफर पाऊण तासाची होती. करवंदीच्या जाळ्यांमधून जाणारी खडकाळ वाट, एक कोरडा ओढा, मग एक चढ. चढाच्या पायथ्याशी वाटाड्याने सर्वांना थांबवले आणि एकेकालाच वर सोडले. पुढचा माथ्यावर पोहोचल्याशिवाय मागच्याला हात दाखवला नाही. वर पोहोचल्यावर समोर सह्याद्रीची निळसर रांग उघडली तेव्हा माझा अंगठा दुखत होता आणि मन, खरे सांगायचे तर, लहान मुलीसारखे उड्या मारत होते. या आनंदाला नाके मुरडण्याचे कारण नाही. घर आणि दुकान यांच्या मध्ये दिवस घालवणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या हाताने चढ चढून जाण्याचा अनुभव क्वचित मिळतो.

त्याच्या आदल्या वर्षी कोकणातील एका किनाऱ्यावर मी वेगळे चित्र पाहिले होते. तेथे ना हेल्मेट, ना सराव; एका गाडीवर तिघे, आणि गाडीवाला मोबाईलमध्ये मग्न. आपण धान्याचे पोते घेतानाही मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहतो. तीच नजर येथे का वापरू नये? महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार जमिनीवरील, पाण्यावरील व हवेतील अशा उपक्रमांच्या चालकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची आहे. ते नोंदणीपत्र पाहायला मागणे हा आपला हक्क आहे. ‘जोखीम सर्वस्वी माझी’ अशा मजकुराच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे. आपल्या अपघात किंवा प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे. आणि फेरीची वेळ सकाळची मागावी. ‘सूर्यास्त राईड’ म्हणून जी विकली जाते, तिच्यात परतीची वाट अंधारात येते आणि आपल्यापैकी अनेकांचे चौविहारही हुकते.

जीवदयेचा विचार या विषयाला चिकटूनच येतो. आखलेली वाट सोडून चाके हिरवळीवर गेली की काय चिरडले जाते, हे आपल्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. चातुर्मासात ओल्या मातीत जीवसृष्टी उफाळून येते, आणि नेमकी तेव्हाच ‘चिखलातील राईड’ची जाहिरात जोरात असते, त्या चार महिन्यांत ही सफर नको, असे माझे स्पष्ट मत आहे. किनाऱ्यावर तर आणखी जपावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास, आंजर्ले येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे वाळूत अंडी घालतात. चाकांखाली वाळू दबते, घरटी दडपली जातात, आणि चाकोऱ्यांच्या खोल चरांत अडकलेली इवली पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचतच नाहीत. वेळासला २००२ पासून या घरट्यांच्या संरक्षणाचे काम चालू आहे. मुलांना ते एकदा दाखवावे.

उजनीच्या काठावरही अशा गाड्या आणाव्यात, अशी कुजबुज आमच्या भागातील तरुणांत अधूनमधून ऐकू येते. उन्हाळ्याकडे भीमेचे पाणी मागे सरकते आणि लांबच लांब सपाट गाळपेर उघडी पडते, ते पाहून कोणालाही मोह होईल. पण त्या गाळाला वरून वाळलेली खपली असते आणि खाली चाक रुतेल असा चिखल. पाण्याच्या मागे मागे शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप आणि विजेच्या केबली त्याच जमिनीवरून पुढे गेलेल्या असतात. केळी आणि ऊस त्यांच्यावर जगतो. शिवाय त्याच उथळ पाण्यात रोहित पक्षी चरायला उतरतात. ते पाहायचे असतील तर हिवाळ्याच्या उत्तरार्धात जेऊरहून त्याच लोहमार्गावरच्या भिगवणला जावे आणि तेथून कुंभारगावला. भोई समाजातील मच्छीमार आपल्या नावेतून नेतात. चांगला नावाडी पक्ष्यांपासून बऱ्याच अंतरावर बांबू रोवून नाव थांबवतो, आणि कोणी ‘अजून थोडी पुढे घ्या’ म्हटले तरी घेत नाही.