लोणारच्या गाळातला दुष्काळ

उन्हाळ्यात लोणार सरोवराचं पाणी मागे हटतं आणि काठावर पांढरा क्षार उघडा पडतो. ही दुष्काळाची सही, आणि तळाच्या गाळात ती जपून राहते.

हे सरोवर एका विवरात आहे आणि त्यातून ओढा बाहेर पडत नाही. पाणी येतं पावसाचं नि झऱ्यांचं, जातं मुख्यतः वाफ होऊन. रांजणाच्या तळाशी बसावी तशी माती थरावर थर बसत जाते. पाऊस वर्षानुवर्षं रोडावला की पाणी दाट होतं आणि त्या थरात क्षाराचे स्फटिक तयार होतात. संशोधकांनी नळीने काढलेल्या सुमारे १० मीटर गाळात जवळपास ११,००० वर्षांचा पाऊस वाचता आला. त्यात ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी दीर्घ कोरडा काळ दिसतो. सातशे वर्षं! आपल्याला तर लागोपाठ दोन दुष्काळ झेपत नाहीत.

त्या कोरड्या काळानंतर दख्खनमध्ये जव पिकवणारी, गुरं राखणारी गावं बहरली. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात मात्र इ.स.पू. १०००च्या सुमारास ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवरची भिस्त वाढली. उत्खननकर्ते म. के. ढवळीकर यांनी त्यामागे पुन्हा वाढलेला कोरडेपणा पाहिला.