पाऊण थेंबाचे माप

डिझेल इंजिनाच्या बगलेला बसवलेल्या ज्या भागाला गॅरेजमध्ये नुसते ‘पंप’ म्हणतात, त्याचे खरे काम मापाड्याचे आहे. डिझेल पुढे ढकलणे हे त्यातले सोपे काम. प्रत्येक सिलिंडरला, प्रत्येक वेळी, नेमक्या क्षणी सारखेच माप घालणे हे अवघड.

हे माप किती लहान असते, ते सोलापूर-पुणे रस्त्यावर मोजता येते. अंतर साधारण २५० किलोमीटर. सहा सिलिंडरचा जुना ट्रक लिटरला पाच किलोमीटर देत असेल तर ५० लिटर डिझेल लागेल. ताशी ६० चा वेग आणि इंजिनाचे मिनिटाला १,६०० फेरे धरले, तर सव्वाचार तासांच्या आत प्रत्येक सिलिंडरला, दर दोन फेऱ्यांत एकदा, असे सुमारे दोन लाख वेळा डिझेल मिळते. सहा सिलिंडर मिळून बारा लाख मापे. म्हणजे एका मापाला जेमतेम ४२ घन मिलिमीटर, पाण्याच्या पाऊण-एक थेंबाएवढे. तेही सेकंदाच्या तीनशेव्या-चारशेव्या भागात, शेकडो वातावरणांच्या दाबाने फवारायचे.

रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या यशस्वी इंजिनात असा पंप नव्हता. तिथे दाबलेली हवा इंधन आत फुंकत असे आणि त्यासाठी वेगळा अवजड काँप्रेसर लागे. तो वाहनावर बसणे कठीण होते. १९२७ मध्ये जर्मनीत बॉश कंपनीने पंपाचे कारखानी उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिनाला ट्रकवर जागा मिळाली. भारतात १९५१ साली बंगळुरूत ‘मायको’ स्थापन झाली; पुढे डिझेल फवारणाऱ्या नोझल आणि इंजेक्टरसाठी तिचा कारखाना नाशिकला आला. २००८ मध्ये कंपनीचे नाव ‘बॉश’ झाले, तरी जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी पंप अजून ‘मायको’चाच असतो.

जुन्या सहा सिलिंडरच्या ट्रकवर सहसा इनलाइन पंप दिसतो. त्यात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र ‘एलिमेंट’ असते: एक बॅरल आणि त्यात वरखाली होणारा प्लंजर. प्लंजरची धाव कायम सारखीच राहते. ॲक्सिलरेटर दाबला की ‘रॅक’ ही पंपातली दांडी सरकते, प्लंजर स्वतःभोवती थोडा फिरतो आणि त्याच्या अंगावरची तिरकी खाच बॅरलच्या छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते. खाच छिद्राला भिडताच दाब सुटतो आणि माप संपते. या सगळ्यात सील म्हणून रबर कुठेच नाही. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची, माणसाच्या केसाच्या विसाव्या हिश्शाएवढी किंवा त्याहून कमी, आणि तेवढ्यावरच दाब टिकतो. ही जोडी एकमेकांवर घासून जुळवलेली असते. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालून चालत नाही.

रोटरी पंप अनेक ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांवर असतो. त्यात एकच हेड-रोटर सगळ्या सिलिंडरना पाळीपाळीने वाटप करतो. तो लहान आणि हलका, पण त्याच्या आतल्या भागांना वंगण म्हणून डिझेलच मिळते. त्यामुळे पाणी, भेसळीचे रॉकेल किंवा रिकामी टाकी त्याला अधिक लवकर भोवते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४० च्या वर गेला की झिजलेल्या पंपाची एक ठरावीक तक्रार पुढे येते. गाडी सकाळी पहिल्या सेल्फला उठते, रस्त्यावर ठीक पळते, पण ढाब्यावर जेवणापुरती थांबली की गरम इंजिन पुन्हा सुरू होत नाही. ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकतो, थोडे थांबतो आणि गाडी उठते. यात जादू नाही. तापलेले डिझेल पातळ होते आणि रुंदावलेल्या फटीतून सहज निसटते. रस्त्यावर ही गळती फारशी जाणवत नाही, कारण प्लंजर इतक्या झपाट्याने वर येतो की डिझेलला निसटायला वेळच मिळत नाही. सेल्फवर मात्र इंजिन मिनिटाला दीडशे-दोनशे फेरेच घेते. तोच दाब आठ-दहापट वेळ धरून ठेवावा लागतो, आणि नोझल उघडण्याइतका तो चढतच नाही. फडक्याने पंप निवतो, डिझेल पुन्हा दाट होते. निदानासाठी हा प्रयोग चांगला. तापलेल्या पंपावर बादलीभर गार पाणी ओतणे मात्र त्याला जाम करण्याचा धोका पत्करणे होय.

फट रुंदावते ती मुख्यतः धुळीने. काळ्या मातीच्या रानात उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या टाकीत ती कॅनमधून, उघड्या झाकणातून शिरते. फिल्टर वेळेवर न बदलल्यास पुढचे काम ती एलिमेंटवर करते. इनलाइन पंपाचे वंगण इंजिनाच्या ऑइलशी जोडलेले असेल, तर खाली गळलेले डिझेल त्यात मिसळते आणि डिपस्टिकवरची पातळी चढू लागते.

तरीही दोष पंपाचाच असेल असे नाही. काळा धूर तुंबलेल्या एअर फिल्टरचा किंवा टपकणाऱ्या नोझलचा असू शकतो. ताकद फीड पंपाच्या किंवा एखाद्या सैल बंजोच्या (पाइपाच्या जोडाच्या) पायी जाते. हे स्वस्त भाग आधी तपासावेत. न तपासता पंप उतरवला जातो, आणि दुरुस्तीनंतर तक्रार जिथल्या तिथे राहते.

पंप उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणा करतात आणि पाइपांची तोंडे बंद करतात. वर्कशॉपमध्ये तो धुऊन सुटा होतो. एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, बेअरिंग, टॅपेटचे रोलर, इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगा तपासून झिजलेले भाग बदलले जातात. पण नवे भाग घातले म्हणजे पंप दुरुस्त झाला, असे होत नाही. माप जुळवण्यासाठी टेस्ट बेंच लागतो. त्यावर मोटर पंपाला ठरलेल्या वेगाने फिरवते आणि प्रत्येक नळीतून निघालेले तेल समोरच्या काचेच्या नळ्यांत जमते. हे साधे डिझेल नसून ठरावीक दाटपणाचे कॅलिब्रेशन ऑइल असते आणि ते ४० अंशांच्या आसपास राखतात. सहा नळ्यांतल्या पातळ्या जवळपास एका रेषेत येईपर्यंत एकेका एलिमेंटची स्लीव्ह किंचित फिरवावी लागते. सहाही इंजेक्शनांमध्ये पंपाच्या शाफ्टचे अंतर ६० अंशांचे आहे ना, हेही पाहावे लागते. मग गव्हर्नर लावून, जास्तीत जास्त मापाच्या स्क्रूला तार आणि सील. हे सील तोडून ‘तेल वाढवून’ देण्याची प्रथा आहे. चढणीला ताकद मिळते खरी, पण न जळलेले डिझेल धुरातून जाते आणि पिस्टन तापतात.

बदलायचा की दुरुस्त करायचा, हे बॉडी आणि कॅमशाफ्टवर ठरते. बॉडीतली बेअरिंगची जागा सैल झाली किंवा तडा गेला, तर एलिमेंटवर खर्च करणे वाया. रोटरी पंपात हेड-रोटरवर ओरखडे असतील तर तो पूर्ण जोडीनेच घ्यावा लागतो, आणि तेवढ्या पैशात कॅलिब्रेट केलेला दुसरा पंप परवडतो का, हे विचारून घेणे शहाणपणाचे. दुरुस्तीत रोटरीचे सगळे रबरी सील बदलणेही अटळ. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दशलक्षात जास्तीत जास्त १० भाग असते. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही कमी होतो, तो रसायन घालून भरून काढतात. पण जुने, कडक झालेले सील अशा डिझेलवर झिरपू लागतात.

पंप परत बसवताना खुणा जुळवल्या तरी टायमिंग थेंब पाहून तपासतात. पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे वाकडी नळी लावतात, हाताने डिझेल सोडतात आणि इंजिन हळूहळू फिरवतात. धार तुटून थेंब पडू लागला की इंजेक्शनची सुरुवात. हा थेंब फ्लायव्हीलवरच्या खुणेशी जुळला की व्हॉल्व्ह पुन्हा बसवून एअर काढायची. आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, शेवटी इंजेक्टरचे नट सैल करून सेल्फ मारायचा. फेसाळ डिझेल येणे थांबून स्वच्छ पिचकारी आली की नट एकेक करून आवळायचे.